मदत हवी आहे: मारुती ८००, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले नट

रत्नागिरीत असतो. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सीलची पट्टी, फुंकतंय. थंड इंजिनला फटफट आवाज, गरम झाल्यावर कमी. नवीन गॅस्केट आणलंय. बाकीचे नट सुटले, पण शेवटच्या सिलिंडरकडचे दोन खाऱ्या हवेने स्टडशी (इंजिनमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) एकजीव झालेत. एकाचे कोपरे पार झिजलेत, सॉकेट नुसतं गरगर फिरतं.

गंज सोडवायचं तेल रात्रभर मारून ठेवलं, हातोडीने ठोकलं, आधी किंचित आवळून मग उलट फिरवून पाहिलं. झिजलेल्या नटवर एक नंबर लहान सहाकोनी सॉकेट ठोकून बसवलं, तेही सटकलं. आणखी जोर लावला की स्टडच पिळतोय असं हाताला जाणवतं, म्हणून थांबलोय.

हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात हे स्टड बसतात) ॲल्युमिनियमचं आहे आणि हेड गॅस्केट ठणठणीत, त्यामुळे हेड उतरवायचं नाही. माझ्याकडे गॅस टॉर्च आहे. वेल्डिंग मशीन नाही, पण ओळखीचा वेल्डर घरी येईल.

अशा वेळी नट छिन्नीने फोडावा, की त्यावर दुसरा नट वेल्ड करून गरम असतानाच फिरवावा? टॉर्चने फक्त नट तापवला तर हेडला धोका कितपत? आणि स्टड तुटलाच, तर हेड जागेवर ठेवून ड्रिल मारून हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची नवी आटी) कुणी बसवलंय का?