मुलगी सारखी झोपते, थायरॉईड असेल का?

नववीची आई: मुलगी १४ ची. सांगलीच्या एप्रिलमधल्या उकाड्यातपण चादर ओढून पडते, कंगव्यात केसांचा पुंजका, पाळी दोन महिने नाही आणि मी आपली आळशी म्हणून ओरडत बसले, फार वाईट वाटतंय आता. कुठली टेस्ट करू?

विट्याची मावशी: ताई, डॉक्टरांना विचारून टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉईडच्या रक्ततपासण्या करा. हिमोग्लोबिनपण बघाच, थकवा त्यानेही येतो.

मिरजकर: भाचीला थायरॉईडची गोळी चालूए, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळीत चार तास अंतर ठेवायचं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही हां.

नववीची आई: उद्याच नेते. आत्ता जवळ घेऊन सॉरी म्हटलं, रडली पोर.