स्कॅन झालं म्हणजे जपलं गेलं का?

नोंदवही:
संग्रहालयं, ग्रंथालयं, नाट्यसंस्था, सगळीकडे हल्ली अभिमानाने सांगतात, "आमचा संग्रह आता डिजिटल झाला." एका नाट्यसंस्थेच्या दप्तरात मी काम केलंय, म्हणून माझा आक्षेप मांडते.

प्रयोगांचे जुने फोटो स्कॅन करायला आम्हाला निधी मिळाला. निधी स्कॅनिंगचा होता, नोंदींचा नव्हता. काही महिन्यांत हजारो फोटो हार्ड डिस्कवर गेले. कुठला प्रयोग, कुठलं वर्ष, मागे उभं कोण, हे आमच्या वृद्ध रंगभूषाकारांना तोंडपाठ होतं. त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यायला एक माणूस द्या, असं मी दोनदा सांगितलं. पण अहवालात स्कॅन मोजले जात होते, नावं नाहीत. पुढे ते गेले. आज त्या फायलींत कपड्यावरची शिवणसुद्धा दिसते, पण निम्म्याहून जास्त चेहरे बेनाव आहेत.

शिवाय डिजिटल वस्तू एकदा ठेवून विसरता येत नाही. संग्रहांत फायली साठवायला वापरल्या जाणाऱ्या चुंबकीय टेपचंच, म्हणजे एलटीओचंच घ्या. आठव्या पिढीचा ड्राइव्ह (टेप वाचणारं यंत्र) फक्त आठव्या आणि सातव्या पिढीच्या टेप वाचतो, त्याआधीच्या नाही, त्यामुळे दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं. २०२०च्या अखेरीस फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणारं सॉफ्टवेअर, बंद झालं आणि त्यावर बांधलेली कितीतरी ऑनलाइन प्रदर्शनं उघडेनाशी झाली.

माझं मत स्पष्ट आहे. नोंदींसाठी आणि पुढच्या देखभालीसाठी पैसा बाजूला काढता येत नसेल, तर स्कॅनिंग सुरूच करू नये.

खिडकी:
असहमत. शेवटच्या वाक्याशी तर पूर्णपणे.

२ सप्टेंबर २०१८ला रिओतल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तिथे सुमारे २ कोटी वस्तू होत्या, त्यातल्या बहुतेक गेल्या. त्यानंतर संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, की तुम्ही तिथे काढलेले फोटो आम्हाला पाठवा. पर्यटकांच्या त्या फोटोंना कुठल्या नोंदी होत्या? तरी ते लाखमोलाचे ठरले. पैसे पुरेसे जमेपर्यंत थांबा, हे तुम्ही आगीला सांगणार का?

आणि पोहोचण्याचं काय? आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२मध्ये सव्वा लाख चित्रं डाउनलोडसाठी मोकळी केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७मध्ये सुमारे पावणेचार लाख प्रतिमा कुठल्याही अटीविना दिल्या. ज्यांना त्या दारापर्यंत कधीच जाता येणार नाही, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नोंदवही:
रिओचं उदाहरण मला लागलं, नाकारत नाही. पण राइक्सम्युझियमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे चित्रकार, वर्ष, माध्यम काहीही टाकून शोधता येतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी बसून नोंदी केल्या. नोंदी काढून घ्या आणि मग त्या सव्वा लाखांतून हवं ते एक चित्र शोधून दाखवा.

तिसरी घंटा:
तुम्ही दोघं वस्तूंबद्दल बोलताय. रंगमंचाचं दुखणं वेगळं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६च्या डिसेंबरात चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण सुरू केलं, लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९मध्ये. तेव्हापासून गावोगावच्या लहान मंडळींना जगातल्या सर्वांत श्रीमंत संस्थांशी एकाच संध्याकाळी स्पर्धा करावी लागते.

कलेच्या अंगानेही बोलते. मागच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून घडवलेला हात कॅमेऱ्यात भडक दिसतो. मग नट तो आवरता घेतो, प्रकाशयोजना कॅमेऱ्यासाठी वाढवली जाते आणि त्या दिवशी सभागृहात बसलेल्या माणसाला पातळ झालेला प्रयोग मिळतो. हे मी विंगेतून पाहिलंय.

खिडकी:
त्रास खरा आहे. पण ज्याला जिना चढता येत नाही, किंवा ऐकू येत नसल्याने अक्षरं वाचत नाटक बघावं लागतं, त्याला तो 'पातळ' प्रयोगही आजवर मिळत नव्हता.

चावी:
सगळा भर नोंदींवर चाललाय म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी नाकारल्यावर हल्लेखोरांनी सुमारे ६०० जीबी माहिती उघड केली. मुख्य सूची जानेवारी २०२४मध्ये परत आली, तीही फक्त पाहण्यापुरती. पुस्तकं फडताळात सुखरूप, पण कुठलं कुठे आहे हे सांगणारी सूचीच महिनोन्‌महिने बंद. नोंदवहीताई, तुमच्या नोंदीही त्याच टोपलीत आहेत. त्यांची छापील प्रत आणि नेटवर्कशी न जोडलेली एक प्रत, एवढं तरी प्रत्येक संस्थेने ठेवायलाच हवं.

नोंदवही:
मान्य. 'सुरूच करू नये' हेही मागे घेते, रिओमुळे. पण खिडकी, मला एक सांगा. दोन दिवस आहेत, एक माणूस आहे, खोलीभर फोटो आहेत आणि ते सगळे ओळखणारी वृद्ध व्यक्ती समोर बसली आहे. तुम्ही स्कॅनर चालू कराल का?

खिडकी:
नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू करेन, एकेक फोटो त्यांच्यासमोर ठेवेन आणि त्यांना बोलू देईन. स्कॅन नंतर.

नोंदवही:
मग ते रेकॉर्डिंग ऐकून नावं लिहून काढायला माणूस लागेल. त्याचा पगार कुठल्याच निधीच्या अर्जात बसत नाही. घोडं तिथेच पेंड खातं.