निर्दोष, निरपराध की नुसतेच ‘सुटले’? ड्यूक लॅक्रोस प्रकरणातला एक शब्द

धागाकर्ता :

कॉलेजच्या खेळाडूला अटक झाली की त्याचे चाहते आणि त्याचे विरोधक काय बोलतात, यावर लेख लिहितो आहे. उदाहरण अमेरिकेतलं घेतलंय, ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रोस संघाचं. (लॅक्रोस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा खेळ. मूळचा तिथल्या आदिवासी जमातींचा, पुढे महागड्या शाळांतल्या मुलांचा झाला.) लेख जवळजवळ झालाय, पण एका शब्दापाशी घोडं अडलंय.

हकीकत थोडक्यात. मार्च २००६, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं डरहॅम शहर. संघातल्या मुलांनी भाड्याच्या घरात पार्टी केली आणि नाचासाठी दोन तरुणींना पैसे देऊन बोलावलं. त्यांतल्या एकीने बलात्काराची तक्रार केली. हल्लेखोर गोरे होते असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे ४७ जणांच्या संघातला एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू सोडून बाकी ४६ जणांचे डीएनए नमुने घेतले. १८ एप्रिलला रीड सेलिगमन आणि कॉलिन फिनर्टी यांना अटक झाली, मेच्या मध्यावर डेव्हिड इव्हान्सला. जामीन प्रत्येकी ४ लाख डॉलरचा. आदल्याच वर्षी राष्ट्रीय अंतिम सामना एका गोलने हरलेल्या या संघाचा उरलेला हंगाम विद्यापीठाने रद्द केला आणि प्रशिक्षक माइक प्रेसलर यांना राजीनामा द्यावा लागला.

अटकेच्या आधीपासूनच गावात दोन तट पडले होते. एका तटाने त्या घरासमोर भांडी बडवत मोर्चा काढला आणि खेळाडूंचे फोटो छापलेली पत्रकं विद्यापीठात लावली. दुसऱ्या तटातलं एक उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. मे महिन्यात ड्यूकच्या मुलींचा लॅक्रोस संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. त्या मुलींनी आधीच सांगून टाकलं की मनगटपट्ट्यांवर ‘इनोसंट’ लिहून उतरणार. तेव्हा खटला उभाही राहिला नव्हता.

तो कधी राहिलाच नाही. ११ एप्रिल २००७ रोजी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल रॉय कूपर यांनी सगळे आरोप रद्द केले. पुरावा पुरेसा नाही एवढं म्हणून ते थांबले असते तर माझं काम सोपं होतं. त्यांनी हे तिघे ‘इनोसंट’ आहेत असं स्पष्ट सांगितलं. मी ‘निर्दोष’ लिहिलं, तर बहिणीने वाचून विचारलं, “म्हणजे कोर्टाने सोडलं ना?” तेव्हापासून तो शब्द टोचतोय. काय लिहू?

निवृत्त उपसंपादक :

बहिणीचा कान बरोबर आहे. आमच्या डेस्कवर ‘निर्दोष’ एकटा येतच नसे, मागून ‘मुक्तता’ यायचीच. खटला चालला, साक्षी झाल्या, न्यायाधीशांनी सोडलं, की ‘निर्दोष मुक्तता’. खटला पुढे न चालवताच नाव वगळलं तर ‘दोषमुक्त’. आणि बातमीदाराला त्या सुटकेबद्दल स्वतःलाच खात्री नसली की ‘पुराव्याअभावी’ किंवा ‘संशयाचा फायदा देऊन’ हे तो हमखास मथळ्यात घालायचा. खालच्या मजकुरात निकाल, वरच्या मथळ्यात शंका.

इतकी वर्षं छापून छापून ‘निर्दोष’ हा निकालाचा शब्द झालाय. माणसाबद्दल तो फार काही सांगत नाही. तुम्हाला माणसाबद्दलचा शब्द हवाय. ‘निरपराध’ घ्या. अपराध केलाच नाही, एवढंच तो म्हणतो.

आता धागा निघालाच आहे तर माझे जुने हिशेब मिटवतो. ‘संशयित आरोपी’ हा जोडशब्द कोणी काढला त्याला शोधतोय. संशय आहे तोवर संशयित, आरोप ठेवला की आरोपी. दोन्ही एकदम म्हणजे पाऊस पडतोय की नाही हे न बघता छत्रीही घ्यायची आणि रेनकोटही घालायचा. दुसरं, ‘कथित’ आणि ‘तथाकथित’. ‘कथित अत्याचार’ म्हणजे तसं कोणी सांगितलंय, खरंखोटं आम्ही बोलत नाही. ‘तथाकथित अत्याचार’ लिहिलं की लिहिणाऱ्याने नाक मुरडलंच. हल्ली नवे बातमीदार दोन्ही एकच समजतात आणि नकळत बाजू घेऊन बसतात.

अटकेची क्रियापदं तर विचारू नका. ‘अटक केली’ हे सपक वाटतं म्हणून बेड्या ठोकतात, मुसक्या आवळतात, गजाआड करतात. जेरबंद करतात तेव्हा मला हसू येतं. जेरबंद म्हणजे घोड्याने डोकं वर उडवू नये म्हणून लावायचा पट्टा. माणूस स्वतःच्या पायांनी वकिलाबरोबर ठाण्यात गेला असला तरी छापील मराठीत त्याच्या मुसक्या आवळलेल्याच असतात.

वकीलकाका :

उपसंपादक, सेलिगमन आणि फिनर्टी तसेच गेले होते, पहाटे, स्वतःहून. आपल्याकडे पोलीस त्याला ‘हजर झाला’ म्हणतात. चांगला शब्द आहे, शरणागतीचा वास नाही त्याला.

धागाकर्ते, तुमच्या वाचकासाठी एक गोष्ट उलगडून सांगा. आपल्याकडे आधी अटक, मग तपास, मग साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत आरोपपत्र. ड्यूकच्या वेळी ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवण्याइतका आधार आहे का ते पाहणारं नागरिकांचं मंडळ) १७ एप्रिलला आरोप मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी अटक झाली. म्हणजे तिथे ‘अटक’ वाचताना ‘आरोपपत्र आधीच आलंय’ असं समजायला हवं. मराठी वाचक ती प्राथमिक तपासातली अटक समजेल.

शब्दाबद्दल म्हणाल, तर आपल्या पोलिसांकडे तुमच्या अडचणीसाठी तीन खण तयार आहेत. तपास संपला आणि खटला चालवण्यासारखं काही हाती नसलं की महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाला ‘समरी’ पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा घडला, पण करणारा सापडला नाही. बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी, द्वेषाने केलेली. सी समरी म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. अशिलाला मी “तुझी सुटका झाली” असं कधी सांगत नाही, “बी समरी मंजूर झाली” सांगतो. पेढे त्यावर वाटले जातात. ए समरीवर कोणी वाटल्याचं आठवत नाही.

कूपर यांचं म्हणणं यांतल्या एकाही खणात नीट मावत नाही. हल्ला झाल्याचा विश्वासार्ह पुरावाच नाही म्हणाले, पण तक्रारदार बाईंवर खोट्या फिर्यादीचा खटला भरायलाही नकार दिला. त्या सांगत असलेल्या वेगवेगळ्या हकीकतींवर बाईंचा स्वतःचा विश्वास असू शकतो, असं कूपर यांचं कारण होतं. बी आणि सी यांच्या मधली फट म्हणा.

जाता जाता. ‘फिर्यादी’ म्हणजे फिर्याद करणारा. मग ‘आरोपी’ म्हणजे आरोप करणारा का नाही? तोच ‘ई’, आणि रोख नेमका उलटा. चाळीस वर्षं कोर्टात हे दोन शब्द शेजारीशेजारी ऐकतोय.

केरीकर :

मी डरहॅमपासून अर्ध्या तासावर, केरी गावात राहते. इथे मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि ड्यूकचं बास्केटबॉल हा घरोघरचा विषय. त्यामुळे या प्रकरणावर अजूनही जेवताना वाद होतात.

धागाकर्ते, त्या दोन तटांना ‘चाहते’ आणि ‘विरोधक’ म्हणून भागत नाही. भांडी बडवणाऱ्यांतल्या कितीजणांना लॅक्रोसचे नियमही माहीत नसतील. मुलं गोरी, बहुतेक पैसेवाल्या घरची, खासगी विद्यापीठातली. तक्रारदार कृष्णवर्णीय, गावातल्याच नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठात शिकणारी, दोन मुलांची आई. डरहॅममध्ये ही दरी काही त्या रात्री पडली नव्हती. लोक तीन मुलांबद्दल बोलत होते आणि त्याच वाक्यात दोनशे वर्षांबद्दलही बोलत होते. ड्यूकच्या ८८ प्राध्यापकांनी विद्यार्थी-वृत्तपत्रात जाहिरात दिली तीही त्याच सुरात होती. अन्याय खरा असतो, पण म्हणून समोर धरलेला माणूस तो करणाराच असतो असं नाही. हे मराठीत एका शब्दात कसं म्हणायचं ते मला सापडलेलं नाही.

आणि ज्याने हे सगळं पेटवलं त्याचं नाव लेखात ठळक येऊ द्या. डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी माइक नायफाँग. (हे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या वकिलाचं पद, इथे ते निवडणुकीने मिळतं.) मे २००६ मध्ये त्याची पक्षांतर्गत निवडणूक होती, ती तो जिंकला. एप्रिलमध्ये डीएनएचे निकाल आले, एकाही खेळाडूशी जुळले नाहीत. पुढच्या चाचणीत भलत्याच पुरुषांचे अंश सापडले आणि ते अहवालात आले नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने डिसेंबरमध्ये कोर्टात कबूल केलं की ते वगळायचं नायफाँगबरोबर ठरलं होतं. सेलिगमनकडे तर त्या वेळी तो तिथे नव्हता हे दाखवणारं एटीएमचं चित्रण, टॅक्सीवाला, फोनच्या नोंदी असं सगळं होतं. जून २००७ मध्ये नायफाँगची सनद गेली आणि पुढे न्यायालयाच्या अवमानासाठी एक दिवसाचा तुरुंगवास झाला. एक दिवस!

कबड्डीवाला :

मला कायद्यातलं कळत नाही, मैदानावरचं कळतं. अटक झाली की आमच्या मंडळात लोक कुठल्या बाजूचे आहेत ते क्रियापदावरून ओळखायचं.

आपला असला तर “पोराच्या हातून घडलं”. समोरच्या संघाचा असला तर “त्यानं केलं”. आपला ‘वाहवत गेला’, ‘संगत वाईट लागली’, ‘गोवलं त्याला’. समोरचा ‘पहिल्यापासून तसाच’. ‘हातून घडलं’ या वाक्यात करणारा कोणीच नाही बघा, हात पण दुसऱ्याचा असल्यासारखा. ‘गोवलं’मध्ये करणारा आहे, पण त्याचं नाव कधी कोणी घेत नाही. कोणी गोवलं विचारलं की “आहेत काही लोक”.

त्याहून मजा म्हणजे गेल्या हंगामात ज्यांनी त्याचा झेंडा अटकेपार लावला, त्यांच्याच बोर्डावर आता अटक. ड्यूकमध्ये बेस्टंच आहे की, पोरांना खरंच गोवलं होतं. पण मनगटाला पट्टा बांधला तेव्हा त्या मुलींना तरी कुठे माहीत होतं?

मूळ सातारकर :

कबड्डीवाल्या दादांचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुलींनी आपल्या मित्रांवर विश्वास ठेवला आणि तो खरा निघाला. तोच विश्वास तितक्याच जोराने ठेवलेला आणि खोटा निघालेला, अशीही उदाहरणं आहेत. स्टॅनफर्डचा पोहणारा ब्रॉक टर्नर घ्या. जानेवारी २०१५ मध्ये बेशुद्ध तरुणीवर अत्याचार करताना सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पकडलं. मार्च २०१६ मध्ये ज्युरीने तिन्ही आरोपांवर दोषी धरलं. शिक्षा सहा महिन्यांची, आत राहिला तीन. त्या न्यायाधीशाला २०१८ मध्ये मतदारांनी पदावरून काढलं.

तिथे भांडण विशेषणावर नव्हतं, नामावर होतं. बातम्यांत तो शेवटपर्यंत ‘स्टॅनफर्डचा जलतरणपटू’. फोटो शाळेच्या वार्षिकातला, कोट-टाय घातलेला, हसरा. एका मोठ्या दैनिकाने तर बातमीच्या शेवटी त्याच्या पोहण्याच्या वेळा दिल्या होत्या. लोक चिडले ते यावर. आपल्याकडेही ‘पटू’ चिकटला की निघत नाही. पटू म्हणजे निपुण. आरोप सिद्ध झाल्यावरही त्याच्या निपुणतेचाच उल्लेख आधी येतो. रिक्षावाल्याला अटक झाली तर ‘रिक्षाचालक गजाआड’. त्याचा कामाचा अनुभव कोणी छापत नाही.

त्यात आणखी एक गुंता होता. ज्युरीने धरलेले गुन्हे तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या व्याख्येप्रमाणे ‘बलात्कार’ नव्हते, लैंगिक हल्ल्याचे होते. त्या वर्षीच कायदा बदलला.

एक विनंती धागाकर्त्याला. ड्यूकमधल्या तक्रारदार बाईंना लेखात ‘पीडिता’ म्हणू नका, आणि शिव्याही घालू नका. ‘तक्रारदार’ पुरेसं आहे. आपल्याकडे पहिल्याच दिवशी ‘पीडिता’ आणि ‘नराधम’ अशी जोडी छापतात, म्हणजे निकाल लागलाच.

केरीकर :

त्या बाईंबद्दल एक भर. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी एका मुलाखतीत स्वतःच सांगितलं की आरोप खोटे होते. तेव्हा त्या दुसऱ्याच गुन्ह्यात तुरुंगात होत्या. घटना होऊन अठरा वर्षं झाली होती. त्या दिवशी आमच्या गटात दोन निरोप लागोपाठ आले. एकाने लिहिलं, “अखेर निर्दोष ठरले.” दुसऱ्याने लिहिलं, “अरे, ते २००७ मध्येच ठरले होते.”

निवृत्त उपसंपादक :

दोघांचंही ‘ठरले’ चुकलं! ‘ठरणे’ला कोणीतरी ठरवणारा लागतो आणि एक तारीख लागते. ‘निर्दोष ठरले’ म्हणजे त्या तारखेच्या आधी ते काय होते, हा प्रश्न उरतोच. ‘निघाले’ही नको. ‘निरपराध निघाले’मध्ये बोलणाऱ्याचा भुवया उंचावलेला चेहरा दिसतो. आणि ‘सुटले’ म्हणजे तर दुसऱ्या कोणाच्या तरी मते सुटायला नको होते.

‘होते’ लिहा. साधा भूतकाळ. “हे तिघे निरपराध होते.” भांडी बडवली तेव्हाही होते, जामिनाचे पैसे भरले तेव्हाही होते.

धागाकर्ता :

पटलं. वाक्य असं करतो : “११ एप्रिल २००७ रोजी रॉय कूपर यांनी आरोप रद्द केले आणि तिघेही निरपराध असल्याचं जाहीर केलं. खटला चाललाच नाही.” शेवटचं छोटं वाक्य बहिणीसाठी. सातारकर, ‘तक्रारदार’च ठेवलंय. कूपरना ‘महाधिवक्ता’ आणि नायफाँगला ‘सरकारी वकील’ लिहिलंय, ते चालेल ना?

वकीलकाका :

दोन्ही नको. आपला महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, नॉर्थ कॅरोलायनातला अ‍ॅटर्नी जनरल मतं मागून निवडून येतो. नायफाँगच्या पदाचंही तेच. आपला सरकारी वकील पोलिसांनी आणलेलं प्रकरण चालवतो. आरोप ठेवायचा की नाही हे तो ठरवत नाही, आणि त्यासाठी त्याला प्रचारही करावा लागत नाही. केरीकरबाईंनी सांगितलेली मे महिन्यातली निवडणूक ‘सरकारी वकील’ या शब्दामागे पार झाकली जाते. देवनागरीत ‘डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी’ लिहा आणि पहिल्या उल्लेखात ‘हे पद निवडणुकीने भरतात’ एवढं जोडा.