अक्षम्य पाप: भीती नक्की कुणी बाळगायची?

वाटसरू: बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातलं वचन ३:२९ वाचून श्रद्धाळू माणसं रात्र रात्र तळमळतात, याचं मला फार वाईट वाटतं. पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. मग मनात एखादा अभद्र विचार आला की संपलंच सगळं! पण पुढच्याच वचनात कारण दिलंय: येशूला अशुद्ध आत्मा लागलाय, असं यहूदी धर्मशास्त्राचे शिक्षक, म्हणजे शास्त्री, म्हणत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर आंधळा-मुका माणूस डोळ्यांदेखत बरा झालाय आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या यहूदी पंथाचे लोक, म्हणतात, हे भुतांच्या अधिपतीचं काम. समजून उमजून केलेला हा नकार आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याने शपथा वाहून येशूला तीनदा नाकारलं, तरी त्याला क्षमा मिळाली. ज्याला या पापाची भीती वाटते, त्याने ते केलेलंच नाही.

साक्षेपी: इतकं सोपं करू नका. पवित्र आत्म्याचे भागीदार होऊन जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं बायबलमधलं इब्री लोकांना लिहिलेलं पत्र (६:४-६) म्हणतं. ते कुठे ठेवणार? आणि भीती हा पुरावा कसा? पस्तावा येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला होता.

जुनं पान: हा वाद मंडळीने, म्हणजे चर्चने, फार पूर्वी घातलाय. तिसऱ्या शतकात रोमन सम्राट डेसियसने केलेल्या छळात अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला रोमन देवांना बळी वाहिले. अशांना मंडळीने परत घेऊच नये, असं रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन याचं म्हणणं होतं. इसवी सन २५१ मध्ये फूट पडली. रोमचा बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन मात्र प्रायश्चित्तानंतर दार उघडं ठेवायच्या बाजूचे. पुढे ३२५ च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेने नोव्हेशियनपंथी धर्मगुरूंना परत यायची मुभा दिली, पण अट घातली: पतितांशी, म्हणजे छळात ढळलेल्यांशी, सहभागिता ठेवू, असं लेखी द्या. साक्षेपी, तुमचं वचन तेव्हाही होतंच.

साक्षेपी: परिषदेचा निर्णय मान्य. पण इशाऱ्याची धारच घालवली, तर तो दिला कशाला? आज ‘देव सगळं माफ करतो’ म्हणत लोक निवांत पाप करतात, त्याचं काय?

वाटसरू: त्या निवांत लोकांना इशारा जरूर द्या, मी अडवत नाही. माझं भांडण घाबरलेल्यांना आणखी घाबरवण्याशी आहे. यहूदाचंच घ्या. येशूला धरून देण्याबद्दल मिळालेली नाणी घेऊन तो याजकांकडे गेला, ‘मी पाप केलं’ म्हणाला. त्यांनी उत्तर दिलं, आम्हाला त्याचं काय? ज्यांनी त्याला थांबवायचं, त्यांनीच त्याला आत्महत्येच्या वाटेला लावलं.