लघवीचा संसर्ग: मुलांच्या प्लेटलेटवर किती विसंबायचं?

धंतोलीकर: दोन वर्षांखालचं मूल, ३९ अंश ताप, सर्दी-खोकला नाही, लघवीत पस सेल (पुवाच्या पेशी). संसर्ग मूत्राशयातच आहे की किडनीत पोचला, हे मूल सांगू शकत नाही. किडनीतला संसर्ग दाखवणारा डीएमएसए स्कॅन तालुक्याला होत नाही, रक्तपेशी मोजणारी सीबीसी होते. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मायक्रोलिटरला साडेचार लाखांवर असल्या तर किडनी धरावी, असं माझं मत. किडनी सुजली की आयएल-६ (सुजेचा निरोप नेणारं प्रथिन) वाढतं, त्यानं यकृत जास्त थ्रोम्बोपोएटिन (प्लेटलेट बनवायला लावणारं संप्रेरक) बनवतं आणि अस्थिमज्जा प्लेटलेट सोडत सुटते.

काचपट्टी: कारण बरोबर, वेळ चुकली. नव्या प्लेटलेट तयार होऊन रक्तात यायला चार-पाच दिवस जातात. आकडा चढतो तो बहुधा पहिला आठवडा संपताना, ताप उतरत असताना. पहिल्याच दिवशी साडेपाच लाख? दुसरं कारण शोधा. विदर्भात दोन तर दारातच उभी: लोहाची कमतरता आणि सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार). लोह कमी असलं की प्लेटलेट खरोखर वाढतात, वर काउंटर मशीन बारक्या लाल पेशीही प्लेटलेट म्हणून मोजतो. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी झाली की तिथं साठणाऱ्या प्लेटलेट रक्तातच फिरतात. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) पाहा: सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली दहा फील्डमधल्या प्लेटलेटची सरासरी गुणिले १५ ते २० हजार. तान्ह्या बाळांना तर साडेचार लाखांची रेषाच तोकडी.

धंतोलीकर: मग एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) बघा नं. ताज्या प्लेटलेट आकारानं मोठ्या असतात.

काचपट्टी: नळीत रक्त गोठू नये म्हणून असलेल्या ईडीटीएत प्लेटलेट फुगतात, साहेब. काटोलला सकाळी ९ ला काढलेलं रक्त नागपुरात दुपारी ३ ला मशीनवर चढलं, तर तो एमपीव्ही नळीचा, मुलाचा नाही.

वॉर्ड_क्र_६: काऊन भांडता बाप्पा? लघवीचा नमुनाच बाळाला चिकटवलेल्या पिशवीतला असेल तर प्लेटलेट काय करणार! पिशवीतल्या लघवीचं कल्चर (जंतू वाढवून पाहणं) निगेटिव्ह आलं तरच कामाचं. कॅथेटर (मूत्राशयात जाणारी नळी) घाला, पहिले थेंब सोडा, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या. तासाभरात कल्चरच्या प्लेटवर लागत नसेल तर ४ अंशांवर ठेवा. मे महिन्यात बाकावर विसरलेल्या बाटलीत मिलीलिटरमागे दहा हजार जंतूंचे लाख व्हायला एक दुपार पुरते, आणि कॅथेटरच्या नमुन्यात आपण ५० हजारांना पॉझिटिव्ह म्हणतो. शिवाय तापलेल्या तान्ह्याला किडनीचा संसर्ग धरूनच औषध देतो. प्लेटलेटनं बदललं काय?

धंतोलीकर: पहिल्या दिवशी काही नाही, मान्य. पण योग्य औषधावर ४८ तासांनीही ताप हटत नाही आणि प्लेटलेट चढताहेत, तर सोनोग्राफी पुन्हा करा. गळू किंवा अडथळा असू शकतो.

काचपट्टी: ते पटलं, पण तिथं मुख्य साक्षीदार तापच आहे. मला जास्त धास्ती कमी आकड्याची वाटते. दीड लाखाखाली म्हणजे जंतू रक्तात उतरलेला असू शकतो. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र असा आकडा दिसला की सगळे डेंग्यू डेंग्यू करतात नि लघवी तपासायची राहूनच जाते. आधी स्मिअरमध्ये प्लेटलेटचे पुंजके नाहीत ना ते बघा. असले तर ईडीटीएऐवजी सायट्रेटच्या नळीत मोजून १.१ नं गुणा (सायट्रेटनं रक्त तेवढं पातळ होतं).

वॉर्ड_क्र_६: आणि सात लाख पाहून ॲस्पिरिन लिहू नका. अशा वाढीत गुठळी क्वचितच होते, उलट तापाच्या मुलात राय सिंड्रोमचा (यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या आजाराचा) धोका. संसर्ग गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी परत करा; तेव्हाही चढलेलंच असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा) आणि सिकलिंग टेस्ट.