पथ्य सांभाळून मेक्सिकन जेवण: अस्सल उपाहारगृह बरे की साखळीचे दुकान?

कणीस (ह्यूस्टन)

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये ‘मेक्सिकन म्हणजे मैदा, चीज आणि तळण’ हे मत इतके घट्ट बसले आहे की, घरात कोणाला मधुमेह निघाला किंवा कोणी ग्लूटेन (गव्हातले प्रथिन) बंद केले, तर बाहेर जेवण्याच्या यादीतून मेक्सिकन उपाहारगृहे सर्वांत आधी कटतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. टेक्सासकडे घडलेले, पिवळ्या चीजखाली दडलेले ताट अवश्य टाळावे. पण वाहाका, पुएब्ला किंवा मेक्सिको शहराच्या पद्धतीने रांधणारे उपाहारगृह पथ्य पाळणाऱ्याने मुद्दाम शोधून काढावे.

या स्वयंपाकाचा पाया मका, घेवडा आणि भोपळा या एकाच शेतात वाढणाऱ्या तीन पिकांचा आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात आणि मग धुऊन वाटतात. त्यामुळे मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते आणि कॅल्शियमही वाढते. युरोपने मका उचलला, पण चुन्याची रीत उचलली नाही. म्हणून उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्यावरच गुजराण करणारे गरीब लोक पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावातून होणाऱ्या रोगाने, आजारी पडले. मक्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल घेवडा भरून काढतो, म्हणजे प्रथिनांचीही सोय होते.

परंपरेने केलेल्या मक्याच्या टॉर्टियात, म्हणजे पातळ भाकरीत, मका, पाणी आणि चुना यांपलीकडे काही नसते, मीठसुद्धा नसते. तळहाताएवढ्या एका टॉर्टियात साधारण ५० ते ६० उष्मांक असतात. बरीटोच्या, म्हणजे सारण भरून केलेल्या गुंडाळीच्या, मोठ्या मैद्याच्या टॉर्टियात मात्र आत काही भरण्याआधीच ३०० च्या आसपास उष्मांक आणि भरपूर मीठ असते. अस्सल ठिकाणी तव्यावर भाजलेला त्लाकोयो, म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, आणि त्यावर नोपाल, म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी, मिळते; भोपळ्याची फुले, टोमॅटो आणि ऑलिव्हमध्ये शिजवलेला वेराक्रूझचा मासा, कोबी आणि मुळा वरून घालून खायचे पोसोले, म्हणजे मक्याच्या दाण्यांचे कालवण, मिळते. यातले किती पदार्थ तळलेले आहेत, ते तुम्हीच मोजा.

तुळशीपत्र (डॅलस)

आपण मांडलेले ताट सुंदर आहे, पण ते शाकाहारी माणसाचे नाही, आणि आपल्या लोकांमध्ये सर्वांत मोठे पथ्य तेच आहे. अस्सल स्वयंपाकघरात घेवडा परतायचा तो बहुधा डुकराच्या चरबीत, तामालेचे, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या पदार्थाचे, पीठ फेटायचे ते त्याच चरबीत, आणि लाल भात शिजवायचा तो कोंबडीच्या रश्शात. चीज करताना बऱ्याचदा वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरलेले असते. यातले काहीही पदार्थाच्या नावातून कळत नाही, कारण तिथल्या माणसाच्या लेखी चरबी हा सांगण्यासारखा घटकच नाही, जसे फोडणीतले तेल आपण वेगळे सांगत नाही. मांस नको असे सांगितले तरी कोंबडी किंवा हॅम चालेल असा समज होऊ शकतो.

याउलट टॅको बेलसारख्या साखळीने २०१५ मध्ये आपले काही पदार्थ अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनकडून प्रमाणित करून घेतले. वीस किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना २०१८ च्या मे महिन्यापासून उष्मांकही फलकावर लिहावे लागतात. चव दुय्यम असेल, पण मी काय खाते आहे ते मला कळते. पथ्य पाळणाऱ्याला अस्सलपणापेक्षा आधी माहिती हवी असते.

कणीस (ह्यूस्टन)

तुळशीपत्र, चरबीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. परंतु चरबी हा या स्वयंपाकाचा मूळ थर नाही. डुक्कर, गाय, गहू आणि चीज हे सारे स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात आले. त्यापूर्वीचा स्वयंपाक भाजणे, उकडणे आणि वाटणे यांवर उभा होता. तो थर आजही जिवंत आहे, आणि युनेस्कोने २०१० मध्ये पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, तेव्हा शेतापासून ताटापर्यंतच्या याच साखळीचा गौरव झाला. मडक्यात एपासोतेच्या पानांसह नुसता उकडलेला घेवडा चांगल्या उपाहारगृहात वेगळा मागता येतो. ‘लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?’, म्हणजे घेवड्यात चरबी आहे का, एवढे विचारले की उत्तर मिळते, आणि माझ्या अनुभवात ते प्रामाणिक असते, कारण चरबी घातल्याचा त्यांना संकोच मुळीच नसतो.

दगडी पाटा (शिकागो)

युनेस्कोचा दाखला देताना एक गोष्ट सुटली. त्या नोंदीत आदर्श म्हणून मिचोआकान राज्य पुढे ठेवलेले आहे, आणि त्याच मिचोआकानची ख्याती कार्नितासबद्दल आहे, म्हणजे डुकराचे मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून केलेला पदार्थ. पाचशे वर्षे चाललेली रीत अस्सल नव्हे असे म्हणायचे असेल, तर मिरची आणि बटाटा घातलेला आपला कोणताही पदार्थ अस्सल मराठी ठरणार नाही. आरोग्याला सोयीचा तेवढाच थर निवडायचा आणि त्याला अस्सल म्हणायचे, हे त्या स्वयंपाकावर अन्याय करणारे आहे. पथ्य असेल तर पथ्य म्हणून मागावे. परंपरेने आपल्यासाठी पथ्य पाळले पाहिजे असा आग्रह नसावा.

आईची डबी (सॅन होजे)

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार, आहे, म्हणून हा विषय माझ्यासाठी आवडीनिवडीचा नाही. मक्याची टॉर्टिया म्हणजे ग्लूटेनमुक्त जेवण, हे कणीस यांच्या लेखातून निघणारे अनुमान धोक्याचे आहे आणि ते इथेच थांबवावेसे वाटते. ज्या तव्यावर मैद्याच्या टॉर्टिया गरम होतात, त्याच तव्यावर मक्याच्याही होतात. ज्या कढईत मैद्याचे गुंडाळलेले पदार्थ तळतात, तिच्यातच मक्याचे चिप्स पडतात. मोले, म्हणजे मिरच्या वाटून केलेला रस्सा, दाट करण्यासाठी पुष्कळदा तळलेली पोळी किंवा पाव वाटून घालतात. शिवाय त्यात शेंगदाणे, बदाम आणि तीळ असतात, त्यामुळे ॲलर्जी असलेल्यांनाही तो चालत नाही. मॅरिनेडमध्ये, म्हणजे मांस मुरवण्याच्या मिश्रणात, सोया सॉस किंवा तत्सम मसाला असू शकतो, आणि त्यात बहुधा गहू असतो. काही तयार टॉर्टियांत लवचीकपणासाठी मक्याबरोबर गव्हाचे पीठही मिसळलेले असते. अमेरिकेत पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचे तर ग्लूटेन दशलक्षात २० भागांहून कमी असावे लागते. ज्या तव्यावर नुकताच मैदा भाजला गेला, तिथे ही मर्यादा पाळली जाईल याची खात्री कोण देणार?

तरीही साखळीचे दुकान हे माझे उत्तर नाही. तिथे घटकांचा तक्ता असतो, पण गर्दीच्या वेळी मैद्याची टॉर्टिया उचललेलाच हात आमच्या भांड्यात घटक घालतो. आम्ही शोधतो ते मैदा अजिबात न ठेवणारे उपाहारगृह. मैद्याची टॉर्टिया ही मुख्यतः सोनोरासारख्या उत्तरेकडील राज्यांची. दक्षिणेकडच्या पद्धतीचे, स्वतः मका शिजवून वाटणारे स्वयंपाकघर कधीकधी पूर्णपणे मक्यावरच चालते. तिथे तवा एकच असला तरी चिंता कमी होते. कढई, मोले आणि मॅरिनेड यांबद्दल मात्र विचारावेच लागते. म्हणजे माझ्या बाबतीत अस्सलपणाचा उपयोग आहे, पण तो प्रदेश पाहून.

तोलूनमापून (न्यू जर्सी)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात. पहिली मधुमेहाबद्दल. जेवणाआधी टेबलावर येणारी चिप्सची टोपली आणि सोबतचे तांदळाचे किंवा फळांचे गोड पेय, एवढ्यातच अनेकांचा त्या जेवणाचा कर्बोदकांचा वाटा संपतो. पुढे कितीही नोपाल खाल्ला तरी ते वजा होत नाहीत. दोन मक्याच्या टॉर्टिया, वाटीभर घेवडा आणि मासा हे ताट चांगले आहे, पण तेवढ्यावरच थांबता आले पाहिजे. मेक्सिको स्वतः या आजाराशी झगडत आहे: तिथे २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला गेला आणि २०२० पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापले जाऊ लागले.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाच्या रुग्णांची, आणि ती या चर्चेत कोणीच काढली नाही. घेवडा, टोमॅटो, नोपाल आणि अव्होकाडो, म्हणजे ज्यांना आपण सारे एकमताने आरोग्यदायी म्हणतो आहोत, त्यांत पोटॅशियम भरपूर आहे. एका मध्यम अव्होकाडोत ते केळ्यापेक्षा अधिक असते. ज्यांना पोटॅशियम मोजून खायला सांगितले आहे, त्यांना हे अस्सल ताट जसेच्या तसे देऊ नये. त्यांच्यासाठी मक्याची टॉर्टिया, थोडे भाजलेले मांस, कोबी आणि लिंबू हेच बरे.

तुळशीपत्र (डॅलस)

म्हणजे प्रत्येक पथ्याला वेगळी माहिती लागते, आणि ती लिहून ठेवण्याची जबाबदारी उपाहारगृहाची आहे, ह्याच मुद्द्यावर मी परत येते. स्पॅनिशमधले एक वाक्य पाठ करून चार जणांसमोर चौकशी करत बसणे माझ्या सासूबाईंना जमणार नाही.

कणीस (ह्यूस्टन)

नवराबायको आणि एखादा भाचा मिळून चालवत असलेल्या स्वयंपाकघराकडून आपण साखळी कंपनीसारख्या तक्त्यांची अपेक्षा करतो आहोत. तिथे आज नोपाल चांगला आला तर नोपाल होतो, नाही तर होत नाही. छापील यादी सक्तीची केली, तर पहाटे मका वाटणारी हीच ठिकाणे आधी बंद पडतील आणि उरतील त्या साखळ्या.

आईची डबी (सॅन होजे)

हे मला पटत नाही. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून लहान उपाहारगृहांनाही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, आणि तरीही तिथे कुटुंबांनी चालवलेली उपाहारगृहे सुरू आहेत. त्या यादीत गहू, शेंगदाणे आणि तीळ आहेत. चरबी नाही, त्यामुळे तुळशीपत्र यांचा प्रश्न तिथेही सुटत नाही, हे मान्य. पण मोल्यात पाव आहे की नाही हे फळ्यावर खडूने लिहायला छापखाना लागत नाही. पदार्थ रोज बदलत असेल, तर फळाही रोज पुसता येतो.