मदत हवी आहे : बाबांचं एलडीएल १७२, पण गोळी नको म्हणतात

नमस्कार मंडळी. बाबांचं वय ६१. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, शुगर काठावर, बीपीची गोळी चालू. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लिहून दिलंय, पण बाबांचं एकच पालुपद : "मला काही त्रास होतोय का? मग गोळी कशाला?" त्यात व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं की कोलेस्टेरॉल हा सगळा औषध कंपन्यांचा बनाव. झालं!

मला समजलंय ते असं. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एन्डोथेलियम. तो नायट्रिक ऑक्साइड तयार करतो, म्हणून वाहिनी सैल राहते आणि रक्त सहजी गोठत नाही. बीपी, साखर, तंबाखूने हा थर बिघडला की एलडीएलचे कण त्याच्याखाली जास्त शिरतात, अडकतात, त्यांचं ऑक्सिडेशन होतं. पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथेच साचतात. हा साचलेला चरबीचा थर (प्लाक) वर्षानुवर्षं दुखत-खुपत नाही. फुटला की गुठळी होऊन थेट झटका. तेव्हा 'त्रास नाही' हा मुद्दाच लटका आहे. (बाबा तंबाखू मळतात, तो वेगळाच वाद.)

काकांना ४८व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून बाबांची लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, पण आनुवंशिक असलेला कण) तपासणी करून घ्यावी का? कुणी कॅल्शियम स्कोअरचा (हृदयाच्या वाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा) सीटी करून घेतलाय का? स्टॅटिनने पाय दुखले तर डॉक्टरांनी तुम्हाला डोस बदलून दिला की औषधच? आणि मुख्य म्हणजे, घरातल्या हट्टी माणसाला तुम्ही गोळीसाठी कसं राजी केलंत? 'तूप बंद करा' एवढंच सांगणार असाल तर राहू द्या, ते आईने कधीच केलंय.